उणे ऐंशीचा खालचा कप्पा

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, अविवाहित, कर्करोगाच्या जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठणठणीत आहे. फुफ्फुसाबद्दल तसं म्हणता येणार नाही. उद्या त्याचा एक भाग काढणार आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

१. स्थावर मालमत्ता नाही. घर भाड्याचं आहे. अनामत रक्कम आईने घरमालकाकडून मागून घ्यावी. तो भिंतीतल्या खिळ्यांचं निमित्त काढेल. खिळे आधीच्या भाडेकरूचे आहेत.

२. बँकेतली शिल्लक आईला. माझ्या नावाने ढाल, पुरस्कार असलं काही करू नये. आजार कळल्यावर आई म्हणाली होती, "जगाच्या गाठी तपासतेस आणि स्वतःपुरतं एक औषध सापडेना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" आई, औषध शोधणारे वेगळे. आम्ही गाठीच्या तुकड्यात नेमका बिघाड कुठे आहे ते बघतो आणि त्या बिघाडावर चालणारं औषध आहे का ते सांगतो. माझ्या बिघाडावर अजून नाही. हे तोंडी समजावून झालं आहे; आता लेखी देते.

३. सायकल ताईला. "दोन दिवसांसाठी" म्हणून नेलेली ती कित्येक वर्षं तिच्याकडेच आहे. आता निर्धास्त वापरावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मी कलमं पाडते आहे हे बघून ती म्हणाली, "तू ना, रडशील तेव्हासुद्धा थेंब मोजशील." नोंद घेतली.

४. विभागप्रमुख सरांना माझी चाक तुटलेली खुर्ची. तिच्या दुरुस्तीचा अर्ज त्यांनीच "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बाजूला ठेवला. खुर्ची संस्थेची आहे हे मला माहीत आहे. पाठ माझी होती.

५. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधला सगळ्यात खालचा कप्पा. कप्पा संस्थेचा, पण कुलूप मी विकत आणलेलं. ज्यांना औषध जुळलं नाही अशा रुग्णांच्या गाठींचे तुकडे तिथे नळ्यांत ठेवले आहेत. नवं औषध आलं की सोबत नवी चाचणी येते आणि तिला तुकडाच लागतो, जुना रिपोर्ट पुरत नाही. म्हणून दर नव्या चाचणीला मी पहिल्या नळीपासून सुरुवात करते. सर त्याला अडगळ म्हणतात. त्यांना ती जागा स्वतःच्या प्रकल्पासाठी हवी आहे.

"जुळलं नाही म्हणजे विषय संपला," सर म्हणाले.

"आज जुळलं नाही, सर."

एक बसचालक असेच वर्षभर कप्प्यात होते. मग जुळलं. परिषदेत त्या निकालाच्या स्लाइडवर सरांचा फोटो होता, बिघाडाच्या चित्रापेक्षा मोठा.

कुलपाची किल्ली शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, सगळे जिला झटपट म्हणतात, तिला. एकदा तिच्या हातून दोन नळ्यांची अदलाबदल झाली. रिपोर्ट जाण्याआधी ती स्वतः येऊन म्हणाली, "अगं थांबव, मी घोळ घातलाय." मला एवढं पुरतं. घाई शिकवून कमी करता येते, लपवाछपवी नाही.

रुग्णांनी तुकडे पुढच्या तपासणीसाठी दिले आहेत, फेकण्यासाठी नाही. कप्पा रिकामा करायचा झाल्यास सरांनी आधी त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून तसं सांगावं. रुग्णाला फोन करायचा म्हटलं की सरांना मीटिंग आठवते, त्यामुळे कप्पा सुरक्षित आहे असं मी धरते.

६. त्याच कप्प्यात माझीही नळी आहे, बायॉप्सीत काढलेल्या तुकड्याची. कोणीतरी ती दोनदा रांगेत पुढे आणून ठेवली. झटपट, ते तूच केलंस. दोन्ही वेळा मी ती परत जागेवर ठेवली. मी जिवंत असेपर्यंत ती नंबर येईल तेव्हाच तपासावी.

माझ्यानंतर मात्र खुशाल पुढे आणावी. नवी चाचणी बसवताना चुका होतात, तुकडे वाया जातात. त्या चुका माझ्या तुकड्यांवर कराव्यात. उद्याच्या ऑपरेशनमधून माल भरपूर मिळेल. बाकीच्यांच्या नळ्यांत थोडंच उरलं आहे, आणि ती माणसं वाट बघत आहेत. माझ्याकडून तक्रार येणार नाही.

लिहून देणार: (सही)
ठिकाण: शस्त्रक्रिया वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार

ताईला साक्षीदार व्हायचं होतं. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत; सायकलमुळे चालत नाही.

साक्षीदार १: वॉर्डातली नर्स (सही)

साक्षीदार २: कलम ५ मधले बसचालक, ओळख त्यांच्याच सांगण्यावरून उघड केली आहे (सही)
सही वाकडी आहे, पण त्यांचीच आहे. उभ्या उभ्या केली. चारची बस त्यांना न्यायची होती.