प्रिंटर दुरुस्तीबद्दल आभार

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रोफेसरच्या जागेचं परिपत्रक आलं. जागा एक. अट : एच-इंडेक्स किमान दहा. म्हणजे असे दहा पेपर हवेत, ज्यांचा प्रत्येकी निदान दहा जणांनी आपल्या पेपरात संदर्भ दिलाय. ग्रंथपाल बाई १५ एप्रिलला मोजणी करून शिक्का मारणार.
माझा इंडेक्स दहा. बरोबर दहा. दहाव्या पेपरला (नळाच्या सांध्यांतला गंज) दहाच सायटेशन्स आहेत. पण अट दहाची आहे, अकराची नाही.
बगळ्याचा इंडेक्स सतरा. तरी तो अर्ज करणार नाही म्हणे. माज. दुसरं काय?

४ फेब्रुवारी, दु. ३
बगळा म्हणजे माझा धाकटा सहकारी. उंच, मायक्रोस्कोपवर मान वाकवून तासन् तास एका पायावर उभा. नाव मी ठेवलं. आता शिपायापासून डीनपर्यंत सगळे वापरतात. माझं सर्वांत जास्त उद्धृत झालेलं काम हेच, आणि श्रेय कुणी देत नाही.
सहा वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं. गेल्या वर्षी त्याचा मोठा पेपर आला, त्यात माझं नाव नाही. शेवटी एक ओळ : ‘प्रिंटर दुरुस्त करून दिल्याबद्दल आभार.’
प्रामाणिकपणे नोंदवतो : या कामात दम नाही, माझं नाव घालू नकोस, असं मीच म्हणालो होतो. पण मी म्हणणं वेगळं आणि त्याने ते ऐकणं वेगळं.

६ फेब्रुवारी
संकल्प. माझ्या नव्या पेपरातून त्याचे बाराही संदर्भ कापले. हा सूड नाही, ही स्वच्छता आहे. बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला बेरजेपलीकडे दिसत नाही. म्हणाली, काप की, पण नाक सांभाळून.

२७ फेब्रुवारी
परीक्षकाचा शेरा : या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं कामच यादीत नाही, ते घातल्याशिवाय पेपर घेता येणार नाही. सोबत यादी. सगळी बगळ्याची.
घातले परत. बायकोने विचारलं, तेच बारा? म्हटलं, नाही. चौदा.

१ मार्च, स. ११
आता स्वच्छता नको, न्याय हवा. त्याचा मोठा पेपर तीनदा वाचला. तक्ता चार! नमुना एकोणीस आणि नमुना वीस, दोघांचे आकडे दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या घरापर्यंत तेच. दोन वेगवेगळ्या नळांना इतका एकसारखा गंज जुळ्या भावांनाही चढत नाही.
संदर्भसूची वाचली नाही. चुका तिथे नसतात.

३ मार्च
संपादकांना पत्र. चार खर्डे केले. ‘लांछनास्पद’ खोडून ‘विसंगत’ केलं. विज्ञानात भाषा सौम्य हवी, परिणाम नको. मित्राचा पेपर असता तरी लिहिलं असतं का, असं स्वतःला विचारलं. उत्तर : हो. कोणत्या मित्राचा, ते आठवेना.
पत्र गेलं. जेवण चांगलं गेलं.

१२ मार्च
जिन्यात बगळा भेटला. म्हणाला, सर, अर्ज भरलात ना? शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मी नुसतं हं म्हटलं. त्याला माहीत नाही, बिचाऱ्याला. ‘बिचाऱ्याला’ उगाच लिहिलं. खोडत नाही, पण मागे घेतो.

२८ मार्च
जिंकलो! पेपर मागे घेतला गेला. बगळ्याने चूक पहिल्याच मेलला कबूल केली. निदान थोडं भांडायला हवं होतं त्याने.

२८ मार्च, सायं. ५
बगळा खोलीत आला. आमची जुनी वही टेबलावर ठेवली. नमुना एकोणीस, नमुना वीस. एकच ओळ दोनदा उतरवलेली. अक्षर माझं.
म्हणाला, संपादकांना वहीचं काही सांगितलं नाही मी. नीट तपासून घेणं माझं काम होतं, सर.
आपण संपादकांना कळवावं का, यावर तासभर विचार केला. न कळवण्याचं ठरवलं. कळवलं तर त्याच्या मोठेपणाला गालबोट लागेल.

१५ एप्रिल, स. १०.३०
ग्रंथपाल बाईंनी बोलावलं. स्क्रीन माझ्याकडे फिरवला. नऊ.
म्हटलं, बाई, काल दहा होते. त्या म्हणाल्या, काल होते. मागे घेतलेल्या पेपरातली सायटेशन्स आजच्या अपडेटमध्ये गेली. तुमच्या गंजाच्या पेपरला आता नऊच राहिली. म्हटलं, कोणाचा पेपर? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, तुम्हाला नाही माहीत?
बगळ्याची संदर्भसूची तिथेच उभ्याने वाचली. पहिलाच संदर्भ माझा. वाक्य : ‘या विषयाचा पाया ज्यांनी घातला.’
शिक्का उमटला. शाई भरपूर होती.

१५ एप्रिल, दु. १
बायकोला फोन. तिने आधी विचारलं, नाक आहे ना? मग म्हणाली, घरी ये.

१६ एप्रिल, स. ११
विभागप्रमुख बाईंनी सांगितलं, पात्र उमेदवार उरला नाही म्हणून मुदत दोन दिवस वाढवलीय. त्या म्हणाल्या, बगळ्याला मी तीनदा म्हटलं होतं अर्ज कर, दर वेळी तो म्हणे, सरांचं होऊ दे आधी. आता काही त्याला अडचण नाही.
त्याचा इंडेक्स सतराचा सोळा झाला. सोळा.

१६ एप्रिल, दु. ४
बगळा दाराशी. मान खाली. सर, प्रिंटर अडकलाय.
गेलो. मागचं झाकण काढलं, रोलरमध्ये कागदाचा तुकडा होता, तो चिमट्याने ओढला. यंत्र सुरू झालं. त्याचा अर्ज बाहेर आला. चार प्रती. शेवटची फिकट होती, ती पुन्हा काढून दिली.
तो काही बोलणार होता. म्हटलं, तोंडी चालेल. छापू नकोस.