आटपाडीचा पितळी ढोल

८ ऑक्टोबर १९४४

ढोल म्हणून आणला, पण हा ढोल नव्हे. आटपाडीकडचा केरबा धनगर तीन दिवस चालत सातारला आला, घोंगड्यात बांधून डोक्यावरून. देवाचा आहे म्हणे, पणजोबाच्याही आधीपासूनचा. दोन्हीकडची कातडी फाटलेली, कडं एकच उरलंय, आणि सगळ्या खोडावर तेल, काजळी, भंडारा यांचा जाड थर. एकतीस तारखेला, पौर्णिमेच्या जत्रेत, वाजला पाहिजे. अठ्ठावीसला न्यायला येतो म्हणाला.

नखानं खरवडलं तर लाकूड लागेना. टिचकी मारली — धातू! वीस वर्षं पलटणीच्या बँडात ढोल बडवले, निवृत्त झाल्यापासून दुरुस्त करतोय, पण असला हातात आला नव्हता.

१० ऑक्टोबर

चिंच आणि राख. सकाळभर घासून वीतभर जागा उघडी झाली. पितळ. सबंध एक पत्रा वळवलेला, उभा सांधा. मध्ये बारीक भोक आहे, त्याला केरबा देवाची बेंबी म्हणत होता. हवेचं भोक ते, आमच्या बँडातल्या ढोलांनाही असायचं. भोकाभोवती झिजलेला बिल्ला, त्यात पलटणीच्या टोपीवर असतो तसला कर्णा. म्हणजे हा देवाचा नाही, पलटणीचा! शंभर वर्षांपूर्वीचा तरी असावा. आमच्या ढोलांपेक्षा वीतभर उंच आहे. कुठल्या गोऱ्या पलटणीनं तळ हलवताना टाकला, की कुणी धनगरानं पळवला, देव जाणे. केरबाला कसं सांगायचं?

अंबूला दाखवला. ती म्हणाली, सयाजी सुट्टीवर आला की त्याला वाजवून बघू दे. आमचा सयाजी इटलीत आहे. तोही बँडात. मीच घातला.

१२ ऑक्टोबर

तार आली.

पोस्टमन ज्ञानू घरी गेला नाही, दुकानात आला. पत्त्यात गाव नव्हतं, नुसतं सातारा. नाव बरोबर, आडनाव बरोबर. बँडवाला सयाजी म्हणजे तुमचाच की, एवढं बोलला आणि टोपी काढून उभा राहिला. कामापुरतं इंग्रजी मला येतं. चोवीस सप्टेंबरला लढाईत कामी आला.

घरी गेलो तर अंबू चकल्या पाडत होती. दोन महिने रेशनची साखर साठवलीय तिनं, सयाजीला पाठवायच्या डब्यात करंज्या घालायला. मी तोंड धुतलं आणि परत दुकानात आलो. ज्ञानूला शपथ घातली, कुठं बोलू नकोस.

१३ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१४ ऑक्टोबर

लांबच्या मरणाचं सुतक ऐकल्यापासून लागतं. अंबूनं ऐकलेलं नाही. मी ऐकलंय. मला देवाच्या ढोलाला हात लावायचा नाही. पण काम थांबवलं तर ती विचारणार, का थांबवलंत? म्हणून काम चालू. पोचे काढतोय — आतून बाभळीचा ठोकळा, बाहेरून लाकडी हातोडी.

ढोल देवाचा, जत्रा अडेल, हे सगळं निमित्त. मला कळतं. ढोल पुरा झाला की सांगायचं असं ठरवलं, आणि तेव्हापासून तो पुरा होऊ नये असं वाटतंय.

१६ ऑक्टोबर

पहिली आंघोळ. अंबूनं मला उटणं लावलं. सयाजीचा पाट मांडून त्याच्यापुढं पणती ठेवली. पुढच्या दिवाळीला सून आणू, म्हणाली. मी हो म्हटलं. कसलं माझं तोंड!

२१ ऑक्टोबर

सांध्याजवळच्या चिरेला डाख दिला. चांगला बसला.

सयाजीला बँडात घातला, कारण बँडवाल्याच्या हातात बंदूक नसते. मोठा शहाणा मी! लढाई लागली की बँडवाले ढोल ठेवतात आणि डोल्या घेऊन जखमी उचलायला धावतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण माझ्या वीस वर्षांत तशी लढाईच आली नाही. डोली उचलणं म्हणजे मला मैदानावरची कवाईत वाटायची. समोरून गोळ्या येतात आणि दोन्ही हात डोलीत अडकलेले. पोराला मी रिकाम्या हातानं पाठवला.

आज पितळ घासताना रडू आवरेना. अंबू चहा घेऊन आली. राख डोळ्यात गेली म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले माझे.

२६ ऑक्टोबर

कातडी चढवली. आणखी लांबवण्यासारखं काही उरलं नाही.

२८ ऑक्टोबर

केरबा आला. बिल्ल्याची जागा तेवढी उघडी ठेवली होती, बाकीचं काळं तसंच. सगळा चकचकीत केला असता तर त्याच्या माणसांनी ओळखला नसता. त्याला बिल्ला दाखवला, हा पलटणीचा आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “देवानं कवा इचारलं न्हाई, ढोल कुनाचा त्यो.”

मग मी दुसरंही सांगितलं. तार, सुतक, तरी लावलेला हात. बाटला असेल तर नेऊ नकोस म्हटलं.

त्यानं ढोल घोंगड्यात बांधला. मग म्हणाला, “आमी मेंढरामागं लांब लांब हिंडतो. घरचं मरान कळाया म्हयना लागतो. तवर जेवतो, हसतो, ढोल बी वाजवतो. देव त्याचं काय मनाला लावून घेत न्हाई. पर गड्या, तुला कळलंया. बाईला सांग. तिचं हाय ते.”

ढोल डोक्यावर घेऊन गेला.

२९ ऑक्टोबर

सांगितलं.

आधी तिला खरंच वाटेना. मग तारीख विचारली. तार कधी आली तेही विचारलं. मी खरं बोललो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी भिंतीला टेकलो.

“सतरा दिस मला हसाया लावलंत,” म्हणाली. “आई हाय मी त्याची. रडायचं कवा, ते बी तुमीच ठरवनार व्हय?”



१ नोव्हेंबर

अंबू माझ्याशी बोलत नाही. शेजारणी येऊन बसतात. मी पडवीत.

६ नोव्हेंबर

सयाजीचं पत्र. सहा ऑक्टोबरला लिहिलेलं. अक्षर त्याचंच! चार वेळा वाचलं. अंबू उंबऱ्यावर बसून पत्र छातीशी धरून रडते आहे.

खाली लिहिलंय — आमच्या बँडात माझ्याच नावा-आडनावाचा कोरेगावकडचा एक गडी होता. चोवीस तारखेला डोली उचलताना गेला. त्याच्या घरी एव्हाना तार पोचली असेल. तुम्ही दोघं जाऊन त्याच्या आईला भेटून या.

तार माझ्या खिशात आहे. तिच्यावरचा शिपायाचा नंबर मी सयाजीच्या नंबराशी ताडून पाहिलाच नव्हता. पंचवीस दिवस झाले. त्या घरी अजून कुणाला काही ठाऊक नाही.