भालचंद्रांचा पॅच

२ जानेवारी, सकाळी ६.१०
वही नवी, शाई निळी. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, मुलींनो, बॉलपेनने अक्षर बिघडतं. अकोल्याचं कॉन्व्हेंट सोडून पंचेचाळीस वर्षं झाली, अक्षर टिकून आहे.

उठल्यावर उगीच २००८ची एक संध्याकाळ आठवली. मी शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवत होते. भालचंद्र शेजारी बसून शेंगा फोडत होते, एक दाणा मला, एक स्वतःला. वीज गेली. यूपीएस ओरडला, ओरडून थांबला. परत सुरू केलं तर शेवटची चाळीस पुस्तकं गायब. मी रडले. ते म्हणाले, रडू नकोस, आपण त्याला शहाणं करू. आठ दिवसांत त्यांनी पॅच लिहिला, म्हणजे प्रोग्रॅमला लावायचं ठिगळ. यूपीएस ओरडला की हातातलं सगळं आधी डिस्कवर ठेवायचं, मग झोपायचं. ती पुस्तकं ज्यात साठत, तो सायलो हा डेटाबेस लिहिणारे लोक परदेशात. लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे सगळ्यांना वाटायच्या तयार संचात, त्याचं पॅकेज करून देणारे आम्ही दोघं, साखरखेर्ड्याचे. भालचंद्र गेल्यापासून चार वर्षं मी एकटी.

संकल्प: १५ फेब्रुवारीच्या फ्रीझआधी सायलोची नवी आवृत्ती आत गेली पाहिजे. त्यानंतर दोन वर्षं दार बंद. जुनी आवृत्ती डिस्ट्रिब्युशनवाले ठेवणार नाहीत, पॅकेजच काढून टाकतील. वेळ भरपूर आहे. रोज पहाटे पाचला उठायचं.

५ जानेवारी, ८.४०
उठायला उशीर. थंडी.
सरस्वतीबाई भाकरी थापताना विचारत होती, दिवसभर त्या डब्ब्यात काय करता? सांगितलं, दूरचे लोक माल पिकवतात, मी तो निवडते, पाखडते, आपल्याकडच्या मशीनला पचेल असा करून पिशवीत भरते. म्हणाली, हाव, म्हंजे किराणा. मग म्हणाली, डब्ब्याले भाकर लागत नाही बाई, तुम्हाले लागते, उठा.
नव्या आवृत्तीवर पॅच बसवला. चारशे बारा टेस्टपैकी एक नापास. चारशे अकरा पास! भालचंद्र हवे होते.

९ जानेवारी
प्रेरणाचं पत्र. पुण्यात असते, डिस्ट्रिब्युशनच्या टीममध्ये माझं काम तपासते. लिहिते, काकू, सायलो आता स्वतःच वीज जाण्याची काळजी घेतो, काकांचा पॅच काढा, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. कामसू मुलगी आहे, पण अनुभव कमी. तिने वीज जाताना पाहिली असेल, पण आमच्यासारखी नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
सरस्वतीबाईने तीळगूळ दिला. म्हणाली, त्या पुण्याच्या पोरीलेही पाठवा, गोड बोलंल.
ती एक टेस्ट अजून नापास. नाव मोठं आहे, यूपीएस संपताना नोंदी टिकतात का वगैरे. टेस्टच चुकीची असणार. सोळा वर्षं पॅचने एक नोंद जाऊ दिली नाही. टेस्ट तात्पुरती बंद केली. बदलांच्या यादीत लिहिलं, किरकोळ साफसफाई. खोटं नाही, घर आवरताना आपण काही वस्तू कपाटात टाकतोच की.

२० जानेवारी, दुपारी
खऱ्या जागी चाचणी हवी म्हणून गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नवी आवृत्ती बसवून आले. तिथलं कॉम्प्युटरचं काम पूर्वीपासून आमच्याकडे. वंदना सिस्टर म्हणाली, मॅडम, थोडे दिवस कागदी रजिस्टरबी चालू ठिवू का? म्हटलं, कशाला? भालचंद्रांचा पॅच आहे. तिने रजिस्टर कपाटात ठेवलं. किल्ली मीच फिरवली, पर्समध्ये टाकली. बरं वाटलं.

२७ जानेवारी, संध्याकाळी ५
दवाखान्यात बीपीचं शिबिर. सरस्वतीबाई हसत आली. म्हणाली, बाई, माहं नाव गेलं तुमच्या डब्ब्यात! धाकट्याच्या बाळंतपणात पेनिसिलिनच्या सुईनं तिचा जीव जाता जाता राहिला होता. वंदनाने ते विचारून लिहून घेतलं. म्हणाली, आता कोन्या डाक्टरले सांगाले नको, तोच सांगन.
किती वर्षांनी हे काम कुणाला तरी नीट कळलं.
दुपारी वीज गेली होती, तास-दीड तास. असो.

२८ जानेवारी
वंदनाचा फोन. काल दुपारच्या तेवीस नोंदी दिसत नाहीत म्हणते. सेव्ह केलं नसेल. शांतपणे समजावलं. म्हणाली, मॅडम, सोळा वर्षांचं माहं काम आहे, मले सेव्ह करता येते. तिनं आठवून एकोणीस परत भरल्या. विचारत होती, उरलेले चार कोण, तुम्हाले काही आठवतं का? म्हटलं, नोंदी गेल्याच नसतील तर आठवायचं काय. जरा टोचून बोलले. उद्या तिला लिंबाचं लोणचं पाठवावं.

४ फेब्रुवारी, ११.१५
नवी आवृत्ती पाठवली. प्रेरणाने विचारलं, काकू, पॅच काढलात ना? उत्तर लिहिलं, सर्व टेस्ट पास. चालू असलेल्या सर्व. संध्याकाळपर्यंत आत गेली! फ्रीझला अकरा दिवस बाकी असताना. फोटोसमोर दोन शेंगा ठेवल्या.
संकल्प: आता दुसरंही एखादं पॅकेज घ्यावं. पाचला उठायचं.

८ फेब्रुवारी
सरस्वतीबाई आली नाही. सून रेणुका सांगून गेली, हरभऱ्यात विळा लागला पायाला, ताप आहे. भाकरी मी केल्या. एकही फुगली नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी
रेणुका पुन्हा आली. सरस्वतीबाईला दवाखान्यात नेलं होतं. वंदना रजेवर, बहिणीच्या लग्नाला धाड गावी गेलेली. बदलीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालत नाही का? सरस्वतीबाई म्हणाली म्हणे, बाईच्या डब्ब्यात हाये सारं, पाहून घ्या. त्यांनी पाहिलं. नाव होतं, जुन्या केसपेपरचं; शिबिरातलं काही नव्हतं. सुई दिली. जालन्याला नेईस्तोवर देऊळगाव राजाच्या अलीकडेच गाडीत गेली.
रेणुका रडत नव्हती. विचारत होती, बाई, तुमच्या डब्ब्यात काऊन नव्हतं?

१० फेब्रुवारी
वय होतं. बासष्ट. पाय चिघळला होता. विळ्याचा गंज. उशिरा नेलं. डॉक्टरांनी खोदून विचारायला हवं होतं. वंदनाने रजा घ्यायला नको होती.
भाकरी केली नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी ७
ही वही मागे चाळली. २७ जानेवारी. सगळं लिहिलेलं आहे, निळ्या शाईत. वंदनाने विचारलं तेव्हा वही हाताशी होती. चार जणांपैकी एक इथे होती.

दुपारी ती टेस्ट पुन्हा चालू केली. नापास. पॅच काढला. पास. पॅच घातला. नापास. सहा वेळा केलं. यूपीएस ओरडला की पॅच सायलोसाठी थांबतो आणि सायलो पॅचसाठी. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात, आणि तेवढ्यात वीज संपते.
प्रेरणाने हेच लिहिलं होतं. तीन ओळींत.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३
आज पाचला उठले. पॅच काढून पॅकेज पाठवलं. बदलांच्या यादीत कारण पूर्ण लिहिलं, टेस्ट कुणी बंद केली तेही. फ्रीझला एक दिवस. आत गेलं. जालन्याच्या वाटेवर काही बदललं नाही.

हे काम सोडते आहे. कुणाला काय:

सायलोचं पॅकेज प्रेरणाला. तिने हो म्हटलं आहे. पत्रात अजून ‘काकू’च लिहिते.

पॅकेजवर सही करायची माझी डिजिटल किल्ली कुणालाही नाही. रद्द केली.

लॅपटॉप दवाखान्याला. त्यावर काय बसवायचं ते प्रेरणा ठरवेल.

भालचंद्रांची पॅचची वही फोटोमागे राहू दे. त्यांच्या वेळी तो बरोबर होता.

परात आणि तवा रेणुकाला. सासूने या घरात अकरा वर्षं वापरले, आता ते तिचे. ती घेणार नाही असं वाटतं. दारात ठेवून यायचं, हाक मारायची नाही.

ही वहीही रेणुकालाच, तिने मागितली तर. तिचा प्रश्न होता.

दोनशे पानी नवं कागदी रजिस्टर वंदनाला. कपाटाची किल्ली सोबत. पहिल्या पानावर पहिली नोंद मी केली आहे, नीट अक्षरात: सरस्वतीबाई, वय ६२, साखरखेर्डा. पेनिसिलिन देऊ नये.