होज गरम करण्याची माझी पद्धत

३ मार्च, सोमवार

आजपासून मी होजचा इन-चार्ज. साहेबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. म्हणजे सगळे जेवायला गेले होते, पण स्टोअरवाल्या बाई होत्या.

काम असं आहे. आमच्याकडे फरशी पुसायचं लिक्विड बनतं. टाकीतून ते बाटल्या भरायच्या मशीनपर्यंत जाड प्लॅस्टिकच्या होजमधून, म्हणजे नळीतून, जातं. होजच्या दोन्ही टोकांना स्टीलचं फिटिंग बसवायचं. फिटिंग होजच्या तोंडापेक्षा किंचित जाड असतं, म्हणजे निसटत नाही. त्यासाठी होजचं तोंड गरम करून मऊ करायचं, फिटिंग आत घालायचं, वरून क्लॅम्प आवळायचा. आजवर बाहेरचा माणूस येऊन करायचा. तो आता येत नाही. डोकं असलेल्या माणसाला यात अवघड काही नाही.

नवी लाइन शनिवारी सुरू होणार. ऑपरेटर आमचे साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरी उठता-बसता भावोजींनी हे केलं, भावोजींनी ते केलं, असं चाललेलं असतं. आता त्यांची अख्खी लाइन माझ्या होजवर चालणार. हे मी हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही म्हणाली. तिसऱ्यांदा सांगितलं.

संकल्प: बोलणं कमी, काम जास्त.

४ मार्च, मंगळवार

बाईंनी होजबरोबर ते बनवणाऱ्या कंपनीचा कागद दिला. आधी हा वाचा म्हणाल्या. खिशात ठेवला. कागद लिहिणाऱ्यांनी होज हातात धरलेला नसतो.

गॅसची टॉर्च घेतली. आच मोठी, वेळ कमी, हे माझं तत्त्व. होजचं तोंड मऊ झालं. मग काळं झालं. मग आतल्या बाजूला वळलं आणि पेटलं. जवळ एक फडकं होतं, तेही पेटलं. पायाने विझवलं. बूट जुनेच होते.

बाई धावत आल्या. शेजारच्या खोलीत काय साठवलेलं आहे ते माहीत आहे का, असं विचारलं. माहीत होतं, पण त्या क्षणी आठवत नव्हतं. टॉर्च काढून घेतली. त्यांना कामात कोणी पुढे गेलेलं बघवत नाही.

उजव्या हाताची दोन बोटं भाजली. हिला सांगितलं, चहा सांडला. ही म्हणाली, फक्त दोन बोटांवर? म्हटलं, चहा थोडाच होता.

पहिल्या दिवशी एवढं चालायचंच.

६ मार्च, गुरुवार

काल सुट्टी घेतली. बोटांमुळे नाही, विचार करायला.

आज हीट गन. केस वाळवायच्या यंत्रासारखंच असतं, फक्त तापट. बाईंकडून सही करून आणली. एका जागी धरून ठेवू नका, फिरवत राहा, म्हणाल्या. मी आठ होज केले, सगळे फिरवत. नवव्याच्या वेळी साडू आले आणि बोटांना काय झालं म्हणून विचारत बसले. चहाची हकिकत सांगेपर्यंत हीट गन एकाच जागी राहिली. त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांचाही हात आहे.

झालं ते एवढंच, की फिटिंग संपतं त्याच्या जरा मागे होजला फोड आला. पावट्याएवढा. दाबला की बोट आत जातं आणि पुन्हा वर येतं. म्हणजे लवचिक आहे. लवचिक असणं होजच्या दृष्टीने चांगलंच.

तरी दिसायला बरं नव्हतं. काळी टेप गुंडाळली. घट्ट, सरळ, एकावर एक. आता तो होज सगळ्यांत देखणा दिसतो.

दुसरा होज मागवता आला असता. पण मग बाई विचारणार, पहिल्याचं काय झालं. मंगळवारचा एक आधीच त्यांच्या डोक्यात आहे.

७ मार्च, शुक्रवार

हीट गनही बाईंनी परत नेली. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग मला गरम पाण्याची कल्पना सुचली. बादलीत कढत पाणी, त्यात होजचं टोक बुडवायचं, मऊ झालं की काढायचं. जाळ नाही, धूर नाही. नंतर सहज खिशातला कागद काढला, तर त्यांनीही तेच लिहिलंय. मोठी माणसं सारखाच विचार करतात.

एका बाबतीत मी त्यांच्या पुढे गेलो. ते म्हणतात, फिटिंगला फक्त साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस लावू नका. मी ग्रीस लावलं. काय सुंदर आत गेलं! लोणी कापावं तसं. टेपवाल्या होजचं फिटिंग काल अर्धंच बसलं होतं, तेही असंच सरकवलं. बाई बघत होत्या. इतकं सहज आत जातंय तर बाहेर यायला त्याला कोण अडवणार, असं म्हणाल्या. म्हटलं, क्लॅम्प. त्या म्हणाल्या, होज थंड झाला की क्लॅम्प पुन्हा आवळायचा असतो. म्हटलं, माहितीये.

थंड झाल्यावर आवळणार होतोच. पण संध्याकाळी साडूंकडे जेवायला जायचं होतं, आणि उशीर झाला की हिचा चेहरा बघवत नाही.

जेवताना साडूंनी विचारलं, थंड पाण्याने दाब देऊन होज बघितले का? म्हटलं, सगळे बघितले. खोटं नाही. प्रत्येक होज डोळ्यांनी नीट बघितला होता.

ते म्हणाले, मग मला काळजी नाही.

हे वाक्य त्यांनी का म्हटलं कळत नाही. काळजी नाही तर नाही, सांगायचं कशाला? मेहुणीने आग्रह करून वाढलं. मी निम्मं पानातच ठेवलं. मीठ जास्त झालं असावं.

८ मार्च, शनिवार, सकाळी

पित्त झालंय. रजा टाकावी का? ही म्हणाली, आज तर तुमचा दिवस आहे.

जाऊन सगळ्यांच्या आधी क्लॅम्प आवळायचे. टेपवाला होज बदलायचा. कोणी विचारलं तर सुधारणा म्हणायचं. ठरलं.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी

पडून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी गेलो तर होज आधीच लाइनला जोडलेले. साडू लवकर आले होते. टेपवाला त्यांनी नेमका आपल्या उभं राहायच्या जागेशेजारी लावलेला. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, खूण. कसली ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी मान हलवली आणि हातमोजे चढवले.

साहेब आले, पॅकिंगच्या बायका आल्या, बाई आल्या. पहिल्यांदा लाइन धुवायला वरच्या टाकीतलं कढत पाणी सोडतात. ते भरलं की पंप सुरू. साडूंनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी उतरताना होज हळूहळू जड होत गेले, तेवढंच दिसत होतं. मी साडूंच्या शेजारी, हात लावला तर लागेल इतका जवळ.

टेपचं एक टोक सुटलं. आपोआप. खालचा फोड पावट्याएवढा राहिला नव्हता, लिंबाएवढा झाला होता. आणि पुढे फिटिंगच्या तोंडाशी ग्रीसचा एक थेंब आला. मग दुसरा. फिटिंग बाहेर सरकत होतं. नखाएवढं, पण सरकत होतं.

साडू त्याच्या पुढ्यात उभे. गुडघ्यांच्या बरोबर समोर ते तोंड. पंपाच्या बटणाकडे त्यांचा हात निघालेला.

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं. साहेब माझ्याकडे बघून हसले, बहुतेक मी भाषण करणार असं त्यांना वाटलं. मग मी मागे सरकलो, भिंतीपर्यंत, आणि तिथल्या आगीच्या सायरनची काच फोडून बटण दाबलं.

अख्खा कारखाना बाहेर पळाला. बायका, साहेब, ऑफिसातले, फाटकावरचा वॉचमन, सगळे अंगणात. मला एकदम हलकं वाटलं. आता होज निसटला तरी निसटला, आत कोणी नाही. मी किती माणसं वाचवली ते मोजायला लागलो. मोजताना साडू सापडेनात.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय कसे येतील? ऑपरेटर आहेत.

मी आत पळालो. का ते माहीत नाही, मी पळणाऱ्यातला नाही. आत सायरनने कान फुटत होते. साडू वाकून व्हॉल्व्हचं चाक फिरवत होते, पाठ माझ्याकडे, आणि शेजारी तो होज सापासारखा मान काढून. हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. मागून त्यांच्या ॲप्रनचा पट्टा धरला आणि होता नव्हता तो जोर लावून ओढलं. पट्टा तुटला. पण ते दोन पावलं मागे आले, आणि तेवढ्यात फिटिंग उडालं. कढत पाण्याचा लोंढा त्यांच्या जागेवरून गेला. वाफेत काही दिसेना.

मी तुटलेल्या पट्ट्यासकट उताणा पडलो होतो. घोटा मुरगळला. उठता येईना. साडूंनी मला पाठीवर घेतलं आणि बाहेर आणलं. अंगणात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी.

९ मार्च, रविवार

पाय सुजून भोपळा झालाय. सकाळपासून हिला सगळं नीट समजावून सांगायचा प्रयत्न करतोय, की सायरन दाबणं हा प्रसंगावधानाचा भाग होता. ही लेप लावत होती. ताईचा फोन आला होता, एवढंच म्हणाली. रडली होती का, असं मी विचारलं. हिने पाय आपल्याकडे ओढून घेतला. लेप पूर्ण लावला.

११ मार्च, मंगळवार

साहेबांचा फोन आला. मी खुलासा तयार ठेवला होता, तीन मुद्दे. त्यांनी ऐकूनच घेतला नाही. म्हणाले, यापुढे होज फिटिंग बसवून, तपासूनच कंपनीकडून येणार. तशी सोय आधीपासून होती म्हणे, कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे होजचा इन-चार्ज हे पदच उरलं नाही. मला काढलं असं म्हणता येणार नाही. पद गेलं, मी आहे.

संध्याकाळी साडू आले. पायाशी स्टूल ओढून बसले. डॉक्टर काय म्हणाले, सूज किती उतरली, सगळं विचारलं. लाइन सुरू झाली, नीट चाललीय म्हणाले. टेपबद्दल एक अक्षर नाही. हिने चहा दिला तो सावकाश प्यायले.

मग कप खाली ठेवून म्हणाले, एक विचारू का? तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता. नुसतं थांबा म्हणाला असता तरी मी थांबलो असतो. का म्हणून विचारलंही नसतं.

मी म्हटलं, त्या आवाजात तुम्हाला काय ऐकू आलं असतं?

ते म्हणाले, पंप सुरू व्हायचा होता हो. आवाज कुठे होता?