पाच दिवसांचा रावस

ठाणे, माघ वद्य दशमी, शके १८०८

त्या सकाळी अंगण सारवून झाले होते, पाणी भरले होते, शालूच्या वडिलांचे जाळे (तीन वर्षे कोरडेच आहे, तरी मी रोज उन्हात घालते) कुंपणावर पसरले होते, आणि तेवढ्यात शेजारची कमळाबाई विस्तव मागायला आली नि तिने माझे मडके उघडले. पण आधी नमस्कार, विहीणबाई आवडाबाई. तुमचे गुडघे कसे आहेत? हे पत्र शालू तुम्हाला वाचून दाखवील. (शालू, मधले गाळू नकोस. पुडीच्या कागदांवरून मी अक्षरे शिकले आणि मग तुला शिकवली. तू कुठे अडखळतेस ते मला ठाऊक आहे.)

तुमचा निरोप मिळाला होता की पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हे खरे, पण ज्या घरात मासळी आणणारा पुरुष नाही तिथे पोरीला खायला काय घालणार? बोल खरा होता. उधाणाला मासळी मुबलक, पण भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते ते चार-पाच दिवस खाडी काही देत नाही. तेव्हा मासळीच पाच दिवस टिकवायची असे मी ठरवले. माझा भाऊ काळुराम याने मुंबईहून भुशात घालून बर्फाची लादी आणली. (एका म्हाताऱ्याने तिला हात लावला आणि ‘भाजलं, भाजलं’ म्हणून आळी गोळा केली.) नुसत्या बर्फात रावसाने तिसऱ्या दिवशी नाक धरायला लावले. मग दुसरी लादी आणवली. काटा काढलेल्या तुकड्यांना मीठ, हळद, ठेचलेला लसूण चोळला, वर कापलेली लिंबे आणि लवंगा ठेवल्या, आणि मडके बर्फात पुरले.

तेच कमळाबाईने पाचव्या दिवशी उघडले. पिवळे तुकडे, लिंबे, लवंगा!

“अगो ठमे, कोनाच्या मुळावर उठलीस गो?”

मी म्हटले, पाच दिवसांची मासळी आहे, वास घेऊन बघ. तिने घेतला आणि आणखीच ओरडली, “पाचव्या दिवशी वास नाय? मंग करणीच ही!”

मासळी नासली असती तर मी निर्दोष सुटले असते.

तिने गुणाजी भगताला आणले. त्याने मडक्याभोवती राख टाकली, डोळे मिटले, एक डोळा उघडून आत पाहिले, आणि हे आपण स्वतः खाडीत सोडू म्हणून मडके घेऊन गेला. ते खाडीपर्यंत पोचले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रिकामे मडके घेऊन दारात उभा.

“ठमाबाय, करणी लय कडक होती. आनखी हाय का? बायको इचारते.”

त्याच्या घरी सात माणसे तोच रावस जेवली. सातही ठणठणीत आहेत. पण मडके परत येण्याआधीच करणीची बातमी तुमच्याकडे कल्याणला पोचली, आणि आता शालूला मुळीच धाडणार नाही असे तुम्ही म्हणता. म्हणून हे सगळे लिहिले. खुशाल गुणाजीला विचारा.

तुमची,
ठमाबाई

ता. क. मडक्याची गोष्ट हसण्यासारखी आहे, हसा. पण शालूला धाडा. या घरात मीच बोलते आणि मीच ऐकते.

आणखी एक ता. क. काल पत्र टपालात टाकणार होते, टाकले नाही, हातातच आणले आहे. आज सकाळच्या गाडीने रावस घेऊन कल्याणला आले आणि परतीची दोन तिकिटे काढली.