खोकला बसवणारा काढा

नाही आई, "गुण आला" हे परत म्हणू नकोस. किळस येते मला त्या शब्दाची. गुण आला म्हणूनच तर तू गेलीस, आणि हे तोंडावर सांगायला आता तू समोर नाहीस, म्हणून बसस्टॉपवर उभी राहून फोनमध्ये लिहितेय.

लीड्सच्या त्या डेंटल लॅबमध्ये तू दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचीस. कॅप्स, ब्रिज, कवळ्या. मशीन गरगरायचं, पांढरी धूळ उडायची, आणि धूळ ओढणारा पंखा कायम "नेक्स्ट वीक" दुरुस्त होणार असायचा. घरी यायचीस तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. मग खोकला लागला. हॉस्पिटलमधला डॉक्टर स्कॅन दाखवत म्हणाला, फुप्फुसात धूळ बसलीये, ती निघत नाही, ह्याला औषध नाही, हे काम सोडा. बाहेर कॉरिडॉरमध्ये तू माझ्यावरच उखडलीस. "औषध न देता उठवलं! साधी गोळी नाही! आपल्याकडे कंपाउंडरसुद्धा दोन पुड्या बांधून देतो." मला कळत होतं, प्रश्न गोळीचा नव्हताच. तुला काम सोडायचं नव्हतं. व्हिसा त्या लॅबच्या जिवावर होता. लॅब सुटली की व्हिसा गेला, माझ्या ए-लेव्हल्स, म्हणजे इथली अकरावी-बारावी, अर्ध्यात, आणि आपण दोघी परत नागपूरला.

मग मार्केटमागचं ते चिनी औषधांचं दुकान. मी तुझ्या शेजारी उभी आहे. काउंटरमागच्या बाई तुझी नाडी बघतायत, जीभ बघतायत, आणि तू खूश, कारण कोणीतरी हात तरी लावला. साली, मुळ्या, काहीतरी काळपट सुकलेलं कागदात बांधता बांधता त्या म्हणतात, "फर्स्ट स्टॉप डस्ट. धिस ओन्ली फॉर कफ." स्वच्छ सांगितलं गं त्यांनी. भोंदू असत्या तर मला सोपं गेलं असतं. तू "येस, येस" म्हणालीस, आणि बसमध्ये बसल्या बसल्या मला, "बघ, ह्यांनी दिलं की नाही औषध?"

किचनमध्ये ते तासभर उकळायचं. ओली माती आणि जळकं ज्येष्ठमध, असा काहीतरी वास, पडद्यांना, माझ्या केसांना. तू नाक दाबून एका दमात प्यायचीस. "कडू आहे ना, मग लागू पडणारच." आणि पडलं! खोकला बसला. तू झोपायला लागलीस. मालकाला कोण आनंद! तुला काढा गरम करता यावा म्हणून त्याने लॅबमध्ये नवी शेगडी आणली. पंखा नाही, शेगडी. तू घरी येऊन कौतुकाने सांगतेस, "भला माणूस आहे हं." तो खोकलाच काय तो तुला त्या खुर्चीवरून उठवणार होता, आणि आपण त्यालाच गप्प केलं. धूळ चालू राहिली. पुढच्या हिवाळ्यात तुला जिना चढवेना, आणि त्यावर बाईंच्या दुकानात काही नव्हतं. तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मावशी अजून फोनवर म्हणते, "तुझ्यासाठी केलं गं तिने सगळं." ह्या वाक्याची तर सगळ्यात जास्त किळस. मी मागितलं होतं? नागपूरला कॉलेजं नाहीत? एकदा विचारायचं तरी, की तुला इंग्लंड हवंय की आई हवीये. विचारलं नाहीस, कारण मी काय म्हणेन ते तुला माहीत होतं.

परवा माझ्याही दाढेवर कॅप बसवली. डेंटिस्ट म्हणाली, "हँडमेड आहे, लव्हली ना?" कोणी घासली, ती बाई कशी आहे, खोकते का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि "थँक यू" म्हणाले. मस्त बसलीये, आई. कळतही नाही आहे म्हणून. दाणे, चकली, सगळं चावता येतं.

बस आली. काही बोलू नकोस, मी निघाले.