घंटेजवळचा बाक

प्रिय सिग्ने,

सरोवरावरचा बर्फ परवापासून फुटायला लागलाय. ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. मी बघते आणि पुन्हा कामाला लागते. जेवते, गाडी चालवते, झोपही लागते. पण दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा होतो ना, तसं आतून झालंय. चावलं तरी कळत नाही.

बेकरीच्या वरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अजून डेल आणि मी, आम्ही दोघंच इमारतींचे नकाशे काढतो. कामंही तीच. चर्चचं अन्नवाटप, मोफत दवाखाना, म्हाताऱ्यांची जेवणाची खोली. लहानपणी तू विचारायचीस, "आई, तू श्रीमंतांची घरं का नाही गं काढत? त्यांच्याकडे पोहायचे तलाव असतात!" डेल अजून ते सांगून हसतो.

जानेवारीत घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या निवाऱ्याचं काम आलं. त्यांचं घर अपुरं पडतंय, नवं बांधायचंय. ते चालवणारी रमोना पहिल्याच बैठकीत म्हणाली, "तुमची चित्रं राहू देत. आधी माझ्या बायका काय म्हणतात ते वाचा. आणि आमचा पत्ता कुणाला कळला तर गाठ माझ्याशी आहे." मोजमापाला गेलो तेव्हा तिनं सगळं घर दाखवलं, फक्त वरची एक खोली उघडली नाही. मी टेप घेऊन त्या दाराशी उभी राहिले, तर म्हणाली, "ही नको. हिचं माप मी सांगते."

फेब्रुवारीत तिनं चिठ्ठ्यांचं पाकीट पाठवलं. एकीवरही नाव नव्हतं. न्हाणीघराला आतून कडी हवी. स्वयंपाक करताना पाठ दाराकडे नको. जिन्यावर गालिचा नको, पावलं ऐकू आली पाहिजेत. डेल चष्मा काढून म्हणाला, "तीस वर्षं दारं काढतोय मी. दार म्हणजे काय ते आज कळतंय."

शेवटची चिठ्ठी अशी होती : 'बाहेर, दाराच्या घंटेजवळ एक बाक ठेवा. पहिल्या दिवशी मी बाहेर वीस मिनिटं उभी होते. घंटा वाजवायचा धीर होत नव्हता.'

ती मी दोनदा वाचली. मग नकाशा पुढे ओढला आणि बाकासाठी प्रवेशाची भिंत दोन फूट मागे घेतली. डेल वैतागला. "अगं मारित, बाकाखाली काय सोनं पुरायचंय?" त्या दिवशी सात वाजेपर्यंत रेघा मारत बसले. रडूही आलं नाही.

तुझं अक्षर मी ओळखणार नाही, असं वाटलं होतं का तुला? मला तर वाटत होतं, तू तिकडे फार्गोला, कर्टच्या घरीच आहेस. तुझे निरोप येत होते, 'सगळं ठीक'. आणि तू माझ्याच गावात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, परक्या दाराशी उभी होतीस. दोन महिने मी रमोनाला विचारलं नाही. तुझ्याबद्दल विचारण्याचा हक्क मी ऑक्टोबरातच घालवला होता. "आई, माझी खोली रिकामी आहे का?" तू फोनवर विचारलंस, आणि मी नकाशातून मान वर न करता म्हणाले, "नवरा-बायकोत होतं गं असं. थोडं सोसावं लागतं."

मंगळवारी कर्ट ऑफिसात आला. खुर्ची ओढून बसला, शांत होता, फुलं घेऊन आला होता. म्हणाला, "मारित, तुम्हीच समजवा तिला. नवरा-बायकोत होतं असं." माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. ती कुठंय ते मला ठाऊक नाही, असं मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. डेलनं त्याला जिना दाखवला. आज सकाळपासून त्याची पांढरी गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे.

रमोनाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अशी कुणी इथं आहे की नाही, ते मी सांगणार नाही. पत्र ठेवून जा." म्हणून लिहिलं. मी चुकले, सिग्ने. तुझी खोली मी रिकामी केली आहे, पलंगावर धुतलेली चादर घातली आहे. आणि तरी हात जोडून सांगते, इतक्यात घरी येऊ नकोस. तो आधी तिथंच बघेल.

तुझीच,
आई